गडवा निघाला तो वैशाख

वैशाख लागला की आमच्या घरामागच्या नाल्यात एक पिवळं यंत्र येतं. गाळ काढायला येतं म्हणतात. सकाळी सात वाजता ते सुरू होतं आणि त्याच्या धुराचा वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट माझ्या चहापर्यंत पोचतो. सून म्हणते, "बाबा, तुमचं सगळं आयुष्य या वासात गेलं. तुम्हाला बरं वाटत असेल." मी मान हलवतो. घरातल्या माणसांनी आपल्याविषयी जे ठरवलेलं असतं ते मोडत बसण्यात अर्थ नसतो. खरं सांगायचं तर मला किळस येते. चहा अर्धा टाकून मी पुढच्या ओट्यावर जाऊन बसतो, तर तिथेही तो वास आलेलाच असतो.

लोकांना वाटतं, मिस्त्री म्हणजे यंत्रावर जीव टाकणारा माणूस. मी कधी टाकला नाही. जळकं तेल, त्यात बसलेली धूळ, त्या धुळीत मेलेले किडे, नखांच्या कडेनं कायमची बसलेली काळी रेघ, जेवताना भाकरीवर उमटणारे आपलेच ठसे, या सगळ्याची मला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. देऊळगाव राजाहून निघताना मी वडिलांना म्हणालो होतो की मला कारकुनी मिळाली तर बरं. मिळाली ती पान्यांची आणि छन्न्यांची पेटी. पुढे मी चांगला मिस्त्री झालो, फोरमन झालो, निवृत्तीच्या दिवशी हारही पडला. पण एखाद्याला चांगलं काम येतं म्हणून ते आवडतंच असं थोडंच आहे.

आणि वैशाखाची म्हणाल, तर ती किळस नुसत्या तेलाची नाही.

महाराष्ट्र नवीनच झाला होता. आमच्या खात्याकडे एक जुना बुलडोझर होता, साखळीच्या चाकांचा, कुठल्या तरी लढाईतून उरलेला. त्याच्या पत्र्यावर एकावर एक तीन राज्यांची नावं रंगवलेली होती. वरचं नवं नाव उन्हानं पापुद्र्यासारखं सुटायचं आणि खालून आधीचं डोकवायचं. ते यंत्र धामणगाव बढ्याच्या पुढे दोन कोसांवर एका मातीच्या तलावावर लावलेलं होतं. दोन्ही बाजूंनी बांध होत आला होता. मधे नदीचं पात्र मोकळं ठेवलेलं होतं, ते शेवटी एका दमात बुजवायचं असतं. त्याला घळभरणी म्हणतात. घळभरणी मृगाच्या आत झाली तर ठीक, नाही तर पहिल्या पुरात केलेली माती वाहून जाते आणि वर्ष फुकट जातं. त्यामुळे त्या वैशाखात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता.

यंत्र चालवायचा शेषराव. पंचेचाळिशीचा, काटक, कानावर अर्धी विडी आणि कमरेला चुन्याची डबी. तो अनवाणी चालवायचा. लोखंडी पेडल उन्हात असं तापायचं की मी त्यावर बूट ठेवायलाही कचरायचो, आणि हा त्यावर पाय टेकून दिवसभर बसायचा. त्याच्या टाचांना भेगा होत्या, पावसाआधी काळ्या रानाला पडतात तशा. संध्याकाळी तो बिब्बा सुईला टोचून विस्तवावर धरायचा आणि त्यातून ठिबकणारं तेल थेंबथेंब त्या भेगांत सोडायचा. चर्र व्हायचं. मी तोंड फिरवायचो. तो हसायचा, म्हणायचा, "बिब्ब्यानं भेग बुजते, मिस्त्री. तुमच्या मलमानं नाय बुजत."

बिब्बा म्हणजे काय, हे आता सांगायला लागतं. काजूच्या बीसारखं काळं फळ, त्याच्या सालात काळं जहाल तेल. ते अंगाला लागलं की फोड येतात, आमच्याकडे त्याला बिब्बा उतला म्हणतात. धोबी कपड्यावर खूण करतो ती याच तेलाची आणि चुन्याची. कपडा फाटतो, खूण जात नाही. पण ते फळ फोडलं की आतून गोडंबी निघते, पांढरी, गोड, बाळंतिणीच्या लाडवात घालायची. शेषरावची बायको कौसाबाई धामणगावात घरी बसून बिब्बे फोडायची. मी तिला एकदोनदाच पाहिलं, पण तिची बोटं लक्षात राहिली. काळी, सालटं गेलेली, पुन्हा आलेली. तसल्याच बोटांनी काढलेल्या गोडंबीचे लाडू आपण लहानपणी खाल्ले असणार, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला आणि मला मळमळलं. आज त्या मळमळण्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

शेषराव दहा वर्षं टेंपरवारी होता. मीही टेंपरवारीच, पण माझी चार वर्षं. त्या उन्हाळ्यात कायम करायच्या माणसांची यादी बुलढाण्याला तयार होत होती. शेषराव त्या यादीविषयी फार बोलायचा नाही. फक्त एकदा, बांधावर भाकरी खाताना म्हणाला, "यंदा नाव लागलं ना, तर घरच्यानले बिब्बे फोडू नाय देणार. लय हात खराब झाले तिचे." मग भाकरीचा तुकडा तोडून ठेच्याला लावला. यादीत नाव लागणं म्हणजे त्याच्यासाठी एवढंच होतं.

आणि आमच्या डोक्यावर ओव्हरसियर साहेब. पुण्याकडचे, पंचविशीचे, गोरेपान. धूळ उडाली की नाकाला रुमाल. तंबूत घडीच्या खुर्चीवर बसून ते शेषरावला हाक मारायचे ती मुद्दाम, त्याच्या तोंडचं वऱ्हाडी 'काऊन', म्हणजे 'का', ऐकायला. तो "काऊन साहेब?" म्हणाला की हे आमच्याकडे बघून हसायचे आणि दिवसभर तो शब्द घोळवायचे. वाईट माणूस नव्हता. पण त्याला त्या मुलखातलं काहीही खरं वाटत नसे. आम्ही सगळे त्याच्यासाठी नाटकातली माणसं.

एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला शेषरावनं यंत्र थांबवलं आणि मला बोलावलं.

"मिस्त्री, काटा खाली येऊन राह्यला."

तेलाच्या दाबाचा काटा. निम्म्यावरही नव्हता. अशा वेळी यंत्र चालवलं तर आतले भाग तेलावाचून घासून संपतात. मी म्हणालो, तेलाचा फिल्टर तुंबला असेल, डबा उघडू.

"फिल्टर कायले उघडता? तेल बदलून पाहू ना आंधी."

तेल बदललं. काटा हलला नाही. तेव्हा मी पाना घेऊन खाली आडवा झालो. फिल्टरचा डबा इंजिनाच्या कुशीला उलटा टांगलेला असतो, हातभर लांबीचा, लोखंडी. शेषराव त्याला गडवा, म्हणजे तांब्या म्हणायचा, कारण आकार तसाच. वरच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, टोपीत एक खाच, खाचेत रबराची रिंग, रिंगवर डब्याचा काठ बसतो आणि खालून एकच लांब बोल्ट त्याला आवळून धरतो. बोल्ट काढला की डबा हातात येतो. पाच मिनिटांचं काम. बोल्ट निघाला. डबा जागचा हलला नाही.

दोन दिवस मी त्या डब्याशी झुंजलो. ते दोन दिवस आठवले तरी माझ्या पाठीला ती खडी टोचते. उताणं पडायचं, वरून तेल ठिबकणार, ते कानात जाणार, कानातून मानेखाली उतरणार, त्यावर माती बसणार. हात वर करून करून खांदे भरून यायचे. डब्याला चामड्याचा पट्टा गुंडाळून दांड्यानं पिळला, पट्टा तुटला. डिझेल सोडून रात्रभर भिजत ठेवला, सकाळी होता तसाच. लाकडी हातोडी मारली, मग लोखंडी. प्रत्येक घावाला वरून गंजाचा चुरा डोळ्यांत. मी अशा शिव्या दिल्या की ओव्हरसियर साहेबांनी तंबूचा पडदा ओढून घेतला.

शेषराव सतत माझ्या मागे उभा. पाना मागितला की पाना द्यायचा, पण स्वतः हात लावत नव्हता. मला त्याचं नवल वाटलं, कारण एरवी तो माझ्या आधी खाली शिरायचा. "हळू हो, मिस्त्री," एवढंच म्हणायचा. "वरची टोपी बिडाची हाये. फुटंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब जीप घेऊन मोताळ्याला गेले. जाताना बांधाच्या मोकळ्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "घळभरणी राहिली तर वर काय लिहू?" त्यांची जीप दिसेनाशी झाली आणि मी ब्लो लॅम्प, लोखंड तापवायचा दिवा, बाहेर काढला.

"दिवा नोका लावू, मिस्त्री."

"काऊन?" चिडलो की मी त्याची बोली वापरायचो, तीही वेडावून.

"असंच. हातोडीनंच काढू. आता म्या मारतो."

"दोन दिवस काय आरती करत होतो का मी?"

त्यानं हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "मंग तोंडाले फडकं तरी बांधा."

मी बांधलं नाही. तो झळ लागेल म्हणून सांगतोय असं मला वाटलं, आणि झळेनं मरायला मी काही पुण्याचा नव्हतो.

दिव्याची निळी जीभ डब्याच्या काठावर धरली. थोड्या वेळानं काठाच्या फटीतून काळा घाम आला. मग तो उकळायला लागला, बुडबुडे फुटायला लागले आणि धूर निघाला. जाड, कडवट, घशाला धरणारा. मला तो वास ओळखीचा वाटला, पण इंजिनाखाली पडलेल्या माणसाला असा वास येईलच कशाला, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केलं आणि दिवा तसाच धरून दुसऱ्या हातानं छन्नीवर एक घाव घातला. कडाक् असा आवाज आला आणि डबा सुटून माझ्या छातीवर पडला.

त्यातून जे बाहेर आलं त्याचं वर्णन मी आयुष्यात कोणाला केलेलं नाही. आत फिल्टरचं जाळं राहिलंच नव्हतं. काळं, घट्ट, गुळगुळीत असं काही तरी होतं, आमच्याकडे वऱ्हाडात पिठल्याला बेसन म्हणतात, तसं काळं बेसन. कोमट. ते माझ्या दोन्ही हातांवर, गळ्यावर, शर्टाच्या आत पोटावर सांडलं आणि तिथेच बसलं. मी बाहेर सरपटलो आणि ओकलो. पुढे वर्षभर मी बेसन खाल्लं नाही. अजूनही कोणी पानात वाढलं की मी आधी त्याचा रंग बघतो.

तोंड पुसून मी डब्याचा काठ पाहिला. खाचेत रबराचा मागमूस नव्हता. तिथे काळ्या लाखेसारखा एक थर होता, काचेसारखा चकचकीत, मधे पांढरट रेघा.

"शेषराव, हे काय आहे?"

त्यानं मान खाली घातली. "बिब्बा हाये."

"बिब्बा इथे कुठून आला?"

"म्या घातला. दिवाळीच्या आंधी. बिब्बा न् चुना, गरम करून. गडवा गयत होता ना, मिस्त्री. रोज गडवाभर तेल जमिनीत चाल्लं होतं. घातल्यापासून थेंब नाय गयला."

"रिंग बदलायची सोडून बिब्बा?"

त्यानं मान वर केली. मग अगदी हळू, जणू मला लागू नये म्हणून, म्हणाला, "रिंग तुमालेच मांगतली होती जी. तीन डाव मांगतली."

मागितली होती. मला आठवलं. दसऱ्यात एकदा, मग कापणीच्या आधी, मग दिवाळीच्या तोंडावर. मी दर वेळी म्हणालो होतो, मागणी पाठवलीय. पाठवली नव्हती. मागणीचा कागद चार प्रतींत लिहावा लागे आणि मला कंटाळा आला होता. एवढंच नाही. यंत्राच्या वहीत दर महिन्याला 'फिल्टर साफ केला' असं लिहून सही करायची असे, ती मी दिवाळीपासून चैत्रापर्यंत बिनदिक्कत करत आलो होतो. फिल्टर साफ करायला गेलो असतो तर पहिल्याच महिन्यात बिब्बा दिसला असता.

आणि तो 'कडाक्' आवाज डब्याचा नव्हता. वरच्या बिडाच्या टोपीला केसाएवढी चीर गेली होती. तापलेल्या बिडावर घाव घालायचा नसतो, हे मिस्त्रीला पहिल्या वर्षी शिकवतात. नवी टोपी मुंबईहून यायची. म्हणजे यंत्र उभं, घळभरणी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात. चेहरा सुजून भोपळा झाला होता. हातांवर आधी लाली, मग पुरळ, मग पाण्यानं टच्च भरलेले फोड, एकाला एक चिकटलेले. ते फुटायचे, त्यातून पिवळट पाणी वाहायचं, जिथे वाहील तिथे नवी आग. शर्टाची बाही हाताला चिकटून वाळायची आणि काढताना सालासकट निघायची. माशा सोडत नव्हत्या. बिब्बा उतलेलं माणूस मी आधी पाहिलं होतं, पण ती खाज काय असते ते कळलं नव्हतं. हाड खाजवावंसं वाटतं. मला स्वतःच्या अंगाचा वास सहन होईना. कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी त्या माणसाच्या डोळ्यांत मला माझीच घाण दिसायची.

शेषरावला काही झालं नव्हतं. तो मला बघायला आला तेव्हा त्याचे हात चकचकत होते. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "गोडं तेल. काल सकायीच चोयलं होतं. तेल असलं की बिब्बा धरत नाय."

काल सकाळीच. म्हणजे त्याला माहीत होतं. हातांना तेल चोळून तो माझ्या मागे उभा राहिला होता आणि मला फक्त 'फडकं बांधा' म्हणाला होता. आता कळतं की तो का बोलला नाही. यादी व्हायची होती. दहा वर्षांनी यादी व्हायची होती आणि त्यात त्याला गडव्याला लावलेला बिब्बा कबूल करायचा नव्हता. डबा हातोडीनं निघाला असता तर तो थर त्यानं गुपचूप खरवडला असता. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. पण तेव्हा मला फक्त ते चकचकीत हात दिसले. किळस आली की दुसरं काही बघायची गरज उरत नाही, म्हणून ती फार सोयीची असते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

तिसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेबांनी मला तंबूत बोलावलं. वरून विचारणा आली होती, यंत्र ऐन वेळी बंद का पडलं. रुमालातून ते म्हणाले, "त्याचा जबाब लिहून घ्या. तुमचं अक्षर बरं आहे. मला त्याची भाषा कळत नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आणि हे काय झालं?"

"गरम तेल उडालं," मी म्हणालो.

बिब्ब्याचं नाव काढलं असतं तर रिंग आली असती, रिंगेमागे वही, वहीमागे ब्लो लॅम्प.

कडुनिंबाखाली खोक्यावर कागद ठेवून मी बसलो. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तेवढी शाबूत होती. शेषराव समोर उकिडवा. त्यानं ठरवलंच होतं खरं सांगायचं. दसऱ्यापासून सुरुवात केली. गडवा कसा गयायला लागला, कोणत्या दिवशी मिस्त्रीला सांगितलं, मग कोणत्या दिवशी, मग तिसऱ्या डावाला काय बोलणं झालं. कौसाबाईनं बिब्बे कसे निवडून दिले, चुना किती घातला, थर बसायला किती वेळ दिला. दिवा लावू नका म्हणून मिस्त्रीला सांगितलं होतं, हेही. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. झालं तसं सांगत होता. सांगताना दोनदा थांबून म्हणाला, "तुमच्या हाताले तरास होत असंन, हळू लिवा."

मी एक ओळ लिहिली. 'मी, शेषराव अमुक अमुक, ऑपरेटर, कबूल करतो की चालू कामात मी बिब्बा घातला.'

यात एकही गोष्ट खोटी नाही. तो म्हणाला होता, चालू मशीनच्या गडव्याले बिब्बा घातला. मी मशीनच्या जागी काम लिहिलं आणि गडवा गाळला. पण मराठी वाचणाऱ्या कुठल्याही माणसाला, पुण्याच्या काय किंवा बुलढाण्याच्या काय, कामात बिब्बा घालणं म्हणजे काय ते माहीत असतं. मलाही माहीत होतं. लिहिताना हाताची आग होत होती म्हणून आटोपतं घेतलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. हाताची आग होतच होती. पण आटोपतं घ्यायला मी नेमके तेवढेच शब्द निवडले.

त्याला सही येत होती, वाचता येत नव्हतं. त्यानं कागद धरला, आमच्यामधल्या त्या एका ओळीकडे पाहिलं.

"समदं आलं का?"

"आलं."

त्यानं एकेक अक्षर दाबून सही केली.

साहेबांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हा माणूस स्वतःच लिहून देतोय? मुद्दाम केलं म्हणून?"

"त्यानं सांगितलं, मी लिहिलं," मी म्हणालो.

त्यांनी कागदावरून नजर उचलली. त्यांना काही तरी विचारायचं असावं. पण माझ्या हातांवर माशा बसत होत्या आणि त्यांना ते बघवेना. त्यांनी कागद पाकिटात घातला.

हे सगळं मी नाल्यातल्या त्या पिवळ्या यंत्राकडे बघत आठवतो. आता फिल्टर हातानं फिरवून काढतात आणि फेकून देतात. कशाला चिकटत नाही, काही उरत नाही. मागे एकदा तिथला चालवणारा पाणी मागायला आला, तेव्हा सूनबाईनं माझी ओळख करून दिली. त्यानं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, जुनी माणसं लई इमानदार होती. मी त्याला पाणी दिलं. आठवडी बाजारात अजून एक बाई फडक्यावर बिब्बे मांडून बसते. मी त्या रांगेनं जात नाही. सून म्हणते, बाबांना गर्दी सोसत नाही.

मधल्या वर्षांत दोन ओळींचं एक पत्र लिहिलं असतं तरी झालं असतं. 'बिब्बा म्हणजे खरोखरचा बिब्बा, फळ. तेल गळत होतं आणि मी रिंग दिली नव्हती.' फोरमन झाल्यावर तर माझ्या टेबलावर कागदांची रीम पडलेली असायची. धामणगाव बढ्याच्या बाजूचं काम निघालं की मी दुसऱ्याला पाठवायचो आणि माझी तब्येत बरी नसायची. त्या उन्हाळ्याच्या शेवटी जी यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं.

जबाबाच्या पाठोपाठ शेषरावला बुलढाण्याला बोलावलं होतं. जाताना त्यानं धुतलेला सदरा घातला आणि पायांत कोणाच्या तरी मागून आणलेल्या वहाणा. दोन दिवसांनी परत आला तो आपलं सामान न्यायला. चटई, पितळी ताट, पाण्याची सुरई. मी तंबूच्या सावलीत हात पसरून बसलो होतो, कारण हात मिटता येत नव्हते.

"काय झालं?" मी विचारलं.

"कमी केलं," तो म्हणाला. मग सुरई बांधता बांधता सांगू लागला. "मोठ्या साहेबानं कागद हातात धरला न् इचारलं, तू बिब्बा घातला? म्या म्हनलं, हाव साहेब, घातला. खोटं कायले बोलू. ते लय तापले. म्हने, वर तोंड करून सांगतो? म्या म्हनलं, साहेब, बाकी समदं मिस्त्रीनं लिवलं हाये, ते वाचा. तं म्हने, वाचलं."

गाठ सुटली होती ती त्यानं पुन्हा बांधली.

"वाचून बी कमी केलं. म्हंजे चूक मोठीच झाली असंन माही."

तेव्हाही वेळ गेली नव्हती, साहेब तंबूत होते, वही पेटीत होती. मी माझ्या हातांकडे बघत बसलो.

त्यानं सदऱ्याच्या आतून पानात बांधलेला एक गोळा काढला आणि माझ्याशेजारी खोक्यावर ठेवला. "घरच्यानं देला. तीय न् खोबरं, वाटून. दोन टाईम लावा, उतलेलं बसते. तिचे हात रोज उततात, तिले माहीत हाये." आणि मग, ओझं डोक्यावर घेताना, "तुमी होते म्हणून बरं झालं, मिस्त्री. मले तं साहेबासमोर एवढं धड सांगता नसतं आलं."

बांधाच्या मोकळ्या तोंडातून तो पलीकडे उतरला आणि धामणगावच्या वाटेला लागला. मी पान सोडलं. तीळ-खोबऱ्याचं वाटण अजून ओलं होतं. मी ते दोन्ही हातांना लावलं, उरलेलं गळ्याला लावलं, आणि चौथ्या दिवशी माझी खाज थांबली.